सील न फोडलेली डबी

डेल्बर्ट हॅस्किननं डिकी तिसऱ्यांदा बंद केली आणि पावलं पुन्हा ऐकू आली. गॅरेजची जमीन सिमेंटची, पण आवाज खडीवरून चालल्याचा. जड बुटांचा, लांब लांब जाणारा. तोही भरदुपारी, बाहेर सलायना गावाच्या रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालू असताना. त्यानं डिकी उघडली तसा आवाज थांबला.

ती चाल त्याच्या ओळखीची होती. थोरला भाऊ वेंडेल डावा पाय जरा ओढत चालायचा. दोन वर्षांपूर्वी नेवाडातल्या ओसाड रस्त्यावर ही त्रेपन्न सालची हिरवी गाडी बंद पडली. मोबाइलला रेंज नव्हती. वेंडेल मदत आणायला उन्हातून चालत निघाला आणि चार मैलांवर कोसळला तो उठलाच नाही. डेल्बर्ट तोवर गाडीच्या सावलीत बसून होता.

आता वेंडेलची बायको नदीन म्हणत होती, त्याच गाडीनं, त्याच रस्त्यानं, जुन्या गाड्यांच्या त्याच मेळाव्याला जायचं. उद्या सकाळी निघायचं होतं.

"झालं का रे तुझं? दोन दिवस डिकीत डोकं घालून बसलायस," म्हणत नदीन आत आली. तिच्या हातात कपड्यांचे लाकडी चिमटे होते. "हे घे, पेट्रोलच्या नळीला लावायला, उन्हात तापू नये म्हणून. तुझा भाऊ दर वर्षी माझ्या दोरीवरचे चोरायचा, आणि मी ओल्या चादरी कुंपणावर टाकत बसायची."

"चिमट्यांनी नळी थंड होत नाही, नदीन."

"मला का माहीत नाही? पण चिमट्यांशिवाय निघालेला एक तरी म्हातारा दाखव."

त्याला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. ती भिंतीवरची यादी वाचू लागली. पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, फ्यूज, पाने, तार. कंडेन्सर. अंगठ्याएवढी डबी, पण इंजिनातली ठिणगी तिच्या जिवावर. ती गेली की गाडी म्हणजे नुसतं भंगार. डेल्बर्टनं पेटी पुढे सरकवली. आत कंडेन्सरचं खोकं होतं, सील न फोडलेलं. आणून महिना झाला होता. फोडायला त्याचा हात धजला नव्हता.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांत एक रीत आहे. चालता जुना भाग काढून त्या जागी नवा लावायचा, गाडी शे-दोनशे मैल पळवायची, आणि नवा टिकला की जुना पेटीत ठेवायचा. पेटीत जाईल तो भाग चाललेलाच हवा. वेंडेल याबाबतीत इतका कडक की शेजारी त्याला पाद्री म्हणत.

"कोराच ठेवलायस?" नदीन म्हणाली. "वेंडेलनं तुला फाडून खाल्लं असतं."

डिकी उघडी होती, तरी पावलं वाजू लागली. डेल्बर्टनं बाकाची कड घट्ट धरली. दोन वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, गाडीतला आणि पेटीतला, दोन्ही कंडेन्सर एकाच दिवशी गेले, नशीबच फुटकं. चर्चमध्ये सांगितलं, नदीनच्या स्वयंपाकघरात सांगितलं. आज गप्प राहिलं तर ती उद्या त्याच्या शेजारी बसून, त्या नशिबाला बोल लावत, त्या जागेवरून जाणार. आणि सांगितलं तर जगात त्याचं म्हणावं असं जे एक माणूस उरलं होतं, तेही जाणार.

"तेव्हाही कोराच होता," तो म्हणाला.

"काय?"

"चालवून बघायचं काम माझं होतं. मी आळस केला आणि त्याला सांगितलं, बघितलाय. रस्त्यात त्यानं खोकं काढलं, तर सील तसंच. आतला मुळातच मेलेला निघाला. वेंडेल काही बोलला नाही. टोपी घातली आणि चालायला लागला. मी जायला हवं होतं, नदीन. सहा वर्षांनी लहान मी. 'मी जातो' एवढंही म्हटलं नाही. तोंड वर करायची लाज वाटत होती."

नदीन स्टुलावर बसली.

"काहीच बोलला नाही तो?"

"नाही."

"चिडला की तो गप्प व्हायचा. चाळीस वर्षं बघितलंय मी." तिचा आवाज फुटला. "मला वाटायचं, धाकट्याला ऊन लागू नये म्हणून तो मायेनं गेला. त्याच समजुतीवर मी दोन वर्षं काढली, डेल. तो तर रागात गेला."

डेल्बर्टला रडू आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोळे पुसून तिनं खोक्याचं सील नखानं फोडलं आणि डबी त्याच्या हातात ठेवली.

"लाव गाडीला. संध्याकाळपर्यंत पळवून आण."

"म्हणजे तू येणार आहेस?"

"येणार. गाडी बंद पडली होती तिथं तू उतरायचंस. तिथून चार मैल तू चालायचंस. मी गाडी घेऊन मागून येईन."

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"तो निघाला होता तेव्हाच," नदीन म्हणाली. "भर उन्हात."