अळणी

माझ्या सासरची माणसं लई शहाणी. डॉक्टरांपेक्षा शहाणी. हे आधीच सांगून ठेवते.

माझा नवरा देवदत्त, शाळेत शिक्षक. डोकं चढलं की एका दुपारी नवी पेठेतून एकोणीस साड्या आणून गल्लीत वाटायचा. उतरलं की तीन-तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडायचा. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षं माणूस माणसासारखा राहिला. वर्गावर जायला लागला, लेकीच्या वेण्या घालायला लागला.

पण या शहाण्यांना ते बघवेल तर ना! "बरा झालाय की, मग गोळ्या कशाला?" हे माझे दीर, नंदूभावजी. चिंचोळी एमआयडीसीत मशीन चालवतात, म्हणून माणसाचं डोकंही त्यांनाच कळतं. आणि सासूबाई! लेकाच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून त्यांनी देवाला बोलून टाकलं, एक्केचाळीस दिवस देवदत्त मीठ खाणार नाही. नवस यांचा, जेवण त्याचं. तोही नंदीबैल, आईचं मन मोडवेना म्हणून गप अळणी गिळत बसला. ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात!

अठराव्या दिवशी हात इतका थरथरायला लागला की पेला धरवेना. मग उलट्या, मग जीभ जड. "बघितलंस? गोळ्यांचं विष अंगात भिनलं," सासूबाई म्हणाल्या. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "मीठ बंद केलं होतं का?" मीठ तुटलं की लिथियम अंगात साठत जातं म्हणे. गोळ्या लगेच बंद केल्या. मूत्रपिंडं किती सावरतात ते बघून पुढचं ठरणार. ज्या एका औषधानं माझं घर उभं राहिलं, ते परत मिळेल की नाही, सांगता येत नाही.

त्याच्या हाताला सलाईन लावलं.

"आई, हे मिठाचंच पाणी आहे," मी म्हटलं. "मोडला तुमचा नवस. बसा आता."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला जराही दया आली नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "मीठ कमी करायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं होतं. कुणी वाचलं नाही का?"

वाचलं होतं. मीच वाचलं होतं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. फ्रिजवर चिकटवलाय तो कागद. आणि घरात कटकट नको म्हणून त्याच फ्रिजशेजारी उभी राहून अठरा दिवस अळणी आमटी केली, तीही मीच. थू माझ्या शहाणपणावर.