काचंच्या हौदातली खांड

तुमी बंगल्यावर नव्या, म्हणून एकदाच सांगते. व्हरांड्यातल्या त्या काचंच्या हौदाचं कवतिक माझ्यापाशी करायचं न्हाय. लाल मासं लई गोड दिसत्यात, मला डोळं हायत की. भांडी घासायला आलाय, भांडी घासा, चार गोष्टी करा, पण हौदाचं नाव काढू नका. आता काढलंच तुमी, तर बसा. सांगून टाकते.

आमी धनगर, मैंदर्गीकडचं. आमच्या मालकांचं नाव मी काय घेत न्हाय. संगप्पा माळी ‘तात्याबा, ए तात्याबा’ करून वरडायचा, त्यावरनं समजून घ्या. आमची मेंढरांची खांड व्हती. खांड म्हणजे कळप वो, तुमाला शेरातल्यास्नी काय ठावं! त्या साली मेंढरांना देवी आल्या. बिरोबाला भंडारा उधळला, लिंबाचा पाला बांधला, कशाचा काय उपेग झाला न्हाय. एकामागं एक आडवी झाली. शेवटची मेंढी मालकांच्या मांडीवर गेली, आन् त्या दिसापासनं माणसाचं बोलणं बंद झालं.

भाकरी दिली तर खायचं, न्हाय दिली तर मागायचं न्हाय. मी रडले, भांडले, शिव्या घातल्या. तोंडावर शिवी घातली तरी माणूस चिडंना, तवा मी खरी घाबरले. पोटाला पायजे म्हणून हितं सोलापूरला आणलं. मला बंगल्यावर भांडी मिळाली, त्यांना संगप्पाच्या हाताखाली झाडांना पाणी घालायचं काम. पाणी घालून झालं की घोंगडं डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसायचं, दिवस मावळंपातूर.

साहेबाच्या मडमनं मुंबईस्नं रेल्वेनं लाल मासं मागवलं व्हतं. पण आपल्या हितला उन्हाळा! वैशाखात हौदातलं पाणी चहागत तापलं, आन् मासं पोट वर करून तरंगलं. मडम लई रडली. श्रावणात तिनं संगप्पाला सांगितलं, ‘इधर का मछली लाव. छोटा. झगडा नहीं करेगा, एक दुसरे को मारेगा नहीं, ऐसा देखके लाव.’ संगप्पा पडला लिंगायत. ‘अय्यो शिवा, मी मासळीला बोट लावत न्हाय,’ म्हणून त्यानं ते लचांड आमच्या मालकांच्या गळ्यात घातलं.

मालकांनी माझं जुनं लुगडं वढलं आन् हिप्परग्याच्या तळ्याकडं चालाय लागलं. जुनं म्हणजे काय वो, अजून चार सण निघालं असतं त्यात. मी दातओठ खात बसले. सांजच्याला आलं, तर घागरीत मासं आन् लुगड्याची चिखलानं पार वाट लागल्याली. मी तोंड सोडणार, एवढ्यात मालकच बोलाय लागलं.

‘केरा, दिवसभर काठावर बसून बघितलं. एक मिशावाला हाय, तो दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. त्याला न्हाय घेतला. एक पट्ट्यापट्ट्याचा हाय, तो एकलाच हिंडतो, जवळ कोण आलं की अंगावर जातो. त्योबी नगं. ही चांदीगत बोटाएवढी हायत न्हवं, ही एकत्र चरत्यात. एक वळलं की समदी वळत्यात. ही भांडायची न्हाईत.’

एवढं बोलणं! मी लुगडं इसरले. चुलीकडं तोंड करून रडून घेतलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिसापासनं मालक उठलं की आदी व्हरांड्यात. ज्वारीच्या भाकरीचा चुरा बोटानं बारीक करून पाण्यावर सोडायचं. मेंढरं त्यांनी कधी मोजली न्हाईत, तोंडावरनं वळखायचं. माशांचंबी तसंच. ‘ही कानी, ही लंगडी, ही आगाव.’ मला समदी सारखीच दिसायची. ‘माशाला कान कुटनं आलं वो? आन् पाय?’ म्हणून मी हसायचे, तर मालकबी हसायचं. जेवताना दुसरी भाकरी मागून घ्यायला लागलं. माझ्या मनानं घेतलं, ही मासं जगली की माझा माणूस जगला. माशांसाठी मी बिरोबाला नवस बोलले. हसू नका, खरंच बोलले.

पण मासं लई बुजरी. व्हरांड्यात कुणाचं पाऊल वाजलं की सैरावैरा पळायची आन् काचंवर आदळायची. एक-दोघांची तोंडं फुटली. मालकांचा जीव वर-खाली व्हायचा.

‘ह्यांच्यात जाणतं कुणी न्हाय,’ म्हणायचं. ‘निस्ती कोकरंच हायत ही. एक जाणती मेंढी मधी उभी राहिली की कोकरं बुजत न्हाईत.’

मग एक दिस तळ्यावरनं लगालगा आलं, आन् ‘चल, तुला एक दावतो’ म्हणून मला घेऊन गेलं. तितं काठाला, गवतापाशी, पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका. तांदळाएवढं एकेक पिल्लू, मोजायची सोय न्हाय. आन् त्यांच्या खाली दीड वितीची काळपट मासळी. मरळ. पुंजका हलला की ती हलायची, पुंजका थांबला की थांबायची. एक बेडूक जवळ आला, तर अशी उसळली त्याच्यावर की बेडूक पार गवतात जाऊन पडला.

‘बघ, कशी राखती!’ मालक पाण्यावर वाकून म्हणालं. ‘माझ्यापेक्षा बरी राखती.’

खरं सांगू, मलाबी तिची माया वाटली. पण मालक म्हणालं, ‘हिलाच न्यायची,’ तवा मी त्यांचा हात धरला.

‘आवं, तोंड बघितलं का तिचं, केवढं हाय? आन् हिची पिल्लं?’

‘पिल्लं आता पवाय लागलीत की. आन् जाणतीला कुणाचीबी कोकरं लावता येत्यात. तुझ्या म्होरं किती येळा लावलीत मी?’

ते मातर खरं व्हतं. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर ती पहिल्यांदा लाथा झाडती. मग तिच्याच मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या पाठीवर बांधायचं, न्हायतर तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळायचं. वास वळखीचा झाला की एका रातीत ती त्याला चाटाय लागती. ह्यात आमच्या मालकांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून त्यांनी काय केलं, त्या पिल्लांच्या भवतालचं पाणी कळशीभर घेतलं. मग मरळीवर पाटी टाकली. पिल्लं सोडून ती पळंना, म्हणूनच घावली बघा.

घरी आल्यावर कळशीतलं ते पाणी हौदात वतलं, म्हणजे चांदीच्या माशांना पिल्लांचा वास लागावा. मडम जवळच उभी व्हती. ‘झगडा नहीं करेगा?’ तिनं इचारलं. ‘न्हाय बाईसाब,’ मालक म्हणालं, ‘आई हाय ती.’ मरळ हौदात सोडली, तर तळाला जाऊन गप पडली. बारकी मासं वर थव्यानं उभी राहिली. संगप्पा मुद्दाम पाय आपटत गेला, तरी एक मासा बुजला न्हाय. मालकांनी माझ्याकडं बघितलं, नव्या नवऱ्यागत. त्या सांजंला त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

सकाळी मी भांड्यांना आले, तर मालक हौदाम्होरं बसल्यालं. हौदात मरळ एकलीच. पोट फुगलेलं. पाण्यावर चांदीचं बारीक खवलं तरंगत व्हतं, बाकी काय न्हाय. ना कानी, ना लंगडी, ना आगाव.

मडम आली. वाटलं, आता वरडंल, हाकलून देईल. तर ती म्हणाली, ‘जाने दो, तात्याबा. बंबई से दूसरा मंगायेगा.’ आन् चहा प्यायला गेली. वरडली असती तर बरं झालं असतं वो. माणसाला कुणीतरी वरडायला पायजे असतं अशा येळी. मग मीच वरडले. तोंड बघितलं का म्हणून म्हणलं व्हतं, तेच परत परत म्हणत राहिले. मालकांनी मरळ पाटीनं काढली, घागरीत घातली, आन् वाटंला लागलं. मी राखंचं हात तसंच घेऊन मागनं पळाले.

काठावर गेलो. गवत तेच, पाणी तेच. लाल पुंजका न्हाय. मालक गुडघाभर पाण्यात शिरलं, गवत बाजूला करून करून बघितलं. चार पिल्लंबी न्हाईत. बगळा खाऊन गेला का बेडूक, का दुसऱ्या मासळीनं गिळली, बिरोबालाच ठावं. राखणारी आमी हौदात नेऊन ठिवली व्हती.

मालकांनी घागर हळूच कलती केली. मरळ गवतापाशी गेली. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, तेवढ्याच जाग्यात फिरत राहिली. मग खाली गेली.

‘हिचीबी खांड गेली, केरा,’ मालक म्हणालं. ‘देवी आल्या न्हाईत, काय न्हाय. माझ्या हातानं गेली.’

मी म्हणलं, ‘उठा. मिलचा भोंगा कवाच झाला. संगप्पा वाट बघत आसंल.’

‘तू जा. ती परत येईल हुडकत. कुणीतरी हितं पायजे.’

‘मासळीला काय सांगणार हाय तुमी?’

‘सांगायला काय हाय? निस्तं बसतो.’

तवाधरनं तितंच बसल्यात. हाताला धरून आणलं, तर दुसऱ्या दिवशी परत जात्यात. संगप्पानं दुसरा गडी लावून घेतला, त्याला तरी काय बोलायचं? मुंबईस्नं नवं लाल मासं आलं, तेच तुमी बघितलंत. मरळ काय परत दिसली न्हाय. भांडी झाली की मी भाकरी बांधून तळ्यावर जाते. अर्धी भाकरी मालक खात्यात, अर्धी बोटानं बारीक चुरून पाण्यावर सोडत्यात. खायला कुणी येत न्हाय. तरी रोज सोडत्यात, म्हणून मी भाकरी जरा मोठी थापते.