खाडीच्या बदल्यात तलाव

मी एक जुना तलाव आहे. ठाण्यात तलावांना तोटा नाही. त्यांच्यात नावा फिरतात, काठावर भेळ मिळते, संध्याकाळी माणसं हवा खायला येतात. माझ्या काठी एक म्हैस बसायची, तीही सावलीपुरती. तरी रामकृष्णहरी म्हणून माझी कथा सांगतो, मित्रांनो. जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू द्या.

कुणी नवसाने जन्माला येतं. मी भरपाई म्हणून आलो. कोलशेतच्या खाडीकाठी तिवरांचं मोठं खाजण होतं. भरतीचं पाणी त्यात शिरायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. त्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी, कोलंबीची, बोयटांची, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढायची. एकोणीसशे शहाऐंशी साली एका कारखान्याला गोदामासाठी जागा हवी झाली, म्हणून त्यांनी अर्धं खाजण मुरूम टाकून भरून काढलं. कोळीवाडा ओरडला, "आमचा मासा गेला!" कारखान्याची माणसं तशी भली. ती म्हणाली, "मासा गेला? मासा देऊ." आणि त्यांनी मला खणलं.

जागा होती विठोबाच्या देवळाला लागून, खाडीच्या शेजारी. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मध्ये जाडजूड भिंत बांधली. बिचारी भरती रोज भिंतीपर्यंत यायची आणि दाराला कुलूप बघून पाहुण्याने परतावं तशी परत जायची. माझ्यात भरलं गोडं पाणी. ट्रकमधून पिंपं आली, पिंपांतून रोहू आणि कटला आले. खाडीचं तोंडही न पाहिलेले, गुबगुबीत, सभ्य मासे.

उद्घाटनाला गावचे कीर्तनकार गोमाजीबुवा पूजा सांगायला बसले. त्यांनी भक्तिभावाने विठोबाच्या पायांचं तीर्थ माझ्यात सोडलं, आणि घोटाळा झाला तो इथेच. तीर्थ पडलं म्हणजे तलाव देवाचा झाला. तलाव देवाचा, म्हणजे मासे देवाचे! ज्या कोळीवाड्यात पोर चालायच्या आधी जाळं ओढायला शिकतं, तिथल्या एकाही माणसाने माझ्यात जाळं टाकलं नाही. उलट येता-जाता कुरमुरे टाकायला लागले. एक लठ्ठ रोहू तर आरतीच्या वेळी नेमाने वर यायचा. भिवाजी म्हणजे गावातला जुना तांडेल, होड्यांचा म्होरक्या. तो त्या रोहूला हात जोडून म्हणायचा, "मागच्या जन्मी टाळकरी असंल यो."

मंजुळा मात्र चिडायची. ठाण्याच्या बाजारात ती मासळी विकायची. अर्धं खाजण गेलं आणि तिची पाटी अर्धी रिकामी राहू लागली. माझ्या काठी बसून ती रोहूंशी भांडायची. "मेल्यांनो, तुमच्या पाया पडायचं आन घरी जाऊन चटणी-भाकर खायची! ह्यो कुठला न्याय रं?" रोहू तोंडं उघडी ठेवून ऐकायचे. त्यांना वाटायचं, कुरमुरे येतायत.

अशी काही वर्षं गेली. मग कारखान्याला दुसरं गोदाम हवं झालं. उरलेलं खाजणही भरायचं, बदल्यात आणखी एक तलाव द्यायचा, असा बेत ठरला. पहिला तलाव कसा चाललाय ते बघायला नवे इंजिनियर त्र्यंबकराव आले. गावात तेव्हा हरिनाम सप्ताह चालू होता. त्यामुळे त्यांच्या जीपमधून त्यांच्या आई, डोंबिवलीच्या मंदाकिनीबाई, कीर्तन ऐकायला म्हणून आल्या होत्या.

त्र्यंबकरावांनी काठावरून डोकावलं. सगळे रोहू हजर!

"वा, उत्तम स्टॉक आहे!"

"सायेब, त्यातला येक तरी कोणी खाल्ला काय, इचारा," मंजुळा म्हणाली.

"का? खात नाहीत तुम्ही?"

भिवाजीने कानाला हात लावला. "देवाचं हायत ते."

"बरं, एकदा जाळं टाका. वजन बघू दे."

"जाळं देतो ना. हात तुमचं लावा."

साहेबांनी जाळ्याकडे पाहिलं, देवळाच्या कळसाकडे पाहिलं, आणि हात खिशात घातले. "राहू दे. दिसतायत की डोळ्यांना. मासे गेले, मासे आले. तलाव यशस्वी म्हणून उद्या कळवून टाकतो."

मंजुळेचा चेहरा उतरला. उद्या हा माणूस 'यशस्वी' म्हणाला की उरलेलं खाजणही जाणार. ती तडक बुवांकडे गेली. "बुवा, आज माशाची कथा लावा."

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. साहेबांना बुक्का लावून पुढे बसवलं. मंदाकिनीबाई आधीच पुढे बसून पेटीवाल्याला "काळी दोन घे रे" म्हणून सांगत होत्या. बुवांनी देवाने माशाचं रूप घेतल्याची कथा लावली. राजाच्या ओंजळीत इवलासा मासा आला. राजाने त्याला कमंडलूत ठेवलं, मग रांजणात, मग तळ्यात. दर वेळी मासा म्हणतो, "राजा, इथं माझं भागत नाय रे!"

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "राजा म्हणतो, अरे, पाणी दिलं, आणखी काय देऊ? सांगा माउली, ह्याला न्यायचा कुठं?"

"समुद्रात!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"माउली एकट्याच बोलल्या. साहेब?"

साहेबही रंगले होते. टाळी वाजवून ओरडले, "समुद्रात!"

"ऐकलंस ना रं इठोबा?" बायकांतून मंजुळेचा आवाज आला.

साहेब गोंधळले. "अहो, मी गोष्टीतल्या माशाबद्दल बोललो."

"आणि ह्यांच्या माशाबद्दल काय?" आई त्याच्याकडे वळल्या. "दुपारपासून ऐकतेय मी. अरे त्र्यंबक, घर मोडलंत आणि बदल्यात पाहुणे आणून बसवलेत? त्यांना घर हवं होतं!"

"आई, हे ऑफिसचं काम आहे."

"आणि हे देवाचं दार आहे. इथे बोललास ते बोललास. मला डोंबिवलीत कीर्तनाला तोंड दाखवायचंय."

पुढे कित्येक महिने त्र्यंबकराव वरच्यांशी भांडले. ऑफिसात वरिष्ठांची आणि घरी आईची बोलणी खाल्ली. शेवटी दुसरं गोदाम रस्त्याच्या बाजूला गेलं, खाजण वाचलं आणि माझी भिंत फोडायचं ठरलं. पण देवाचे मासे खाऱ्या पाण्यात कसे मारायचे? मग हंडे भरभरून, टेम्पोतून, टाळ-मृदंगाच्या गजरात रोहू आणि कटला ठाण्यातल्या एका गोड्या तलावात पोचवले. असा निरोप कुठल्या माशाला मिळाला नसेल. भिवाजी तर रडला.

भिंत फुटली आणि पौर्णिमेच्या उधाणाने खाडी आत आली. काय सांगू, अंगभर गुदगुल्या झाल्या! हळूहळू गाळ साचला, तिवरांची रोपं उभी राहिली. एका सकाळी मंजुळेने हातातली जाळी माझ्यात बुडवून वर काढली. तांदळाच्या कणीएवढी कोलंबी जाळीत वळवळत होती. तिने ती बराच वेळ पाहिली आणि अलगद पाण्यात सोडली. "मोठ्या व्हा गं बायांनो. मग भेटू."

मित्रांनो, गोदामं बांधा, रस्ते करा. पण कुणाचं घर मोडावंच लागलं तर बदल्यात घरच द्या, आणि ते कसं हवं हे आधी राहणाऱ्याला विचारा. ओहोटीला माझा वास येतो. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींतली माणसं नाकाला रुमाल लावतात. लावू देत बापडी. तुम्ही मात्र काठावर आलात तर प्लास्टिकची पिशवी टाकू नका आणि जरा हळू बोला. आत बाळंतीण आहे.