खुंटीवरचा पट्टा

कांदे आणायला शेडमध्ये गेले आणि बघते तर काय, पट्टा खुंटीवरच! छाती-मांड्यांना बांधून झाडाला अडकवायचा तो नवाकोरा पट्टा, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून तशीच लोंबत होती. 

माझा नवरा एन्सिओ अंधारातच झाडावरच्या मचाणाकडे गेला होता. हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. इथे सुपीरियर सरोवराच्या काठाला त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. तो पट्टा आमच्या कारीननं, लेकीनं आणून दिलेला. ती नर्स आहे. "बाबा, दर नोव्हेंबरात झाडावरून पडलेली माणसं येतात आमच्याकडे. आणि ती मचाणाची बांधणी बदला आधी, किती वर्षं झाली तिला!" असं बजावून गेली होती. तेव्हा एन्सिओ नुसता हसला. "अगं, जन्म गेला माझा त्या झाडावर. आता मला घोड्यासारखं जुंपतेस होय?" आणि त्याचा धाकटा भाऊ रेइनो, त्याला तर आयतंच सापडलं. "दादा, पट्टा बांधच हां! वर दुधाची बाटली पण पाठवू का?" झालं. त्या दिवसापासून पट्टा खुंटीवर.

एन्सिओनं सगळी नोकरी रस्त्यावरचा बर्फ लोटायच्या गाडीवर केली. लोक उठायच्या आत रस्ते मोकळे. कुणी कधी त्याचं नाव काढलं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. बायकोवर ओरडणं नाही, दारू नाही. हौस म्हणाल तर एकच, वर्षातले हे पंधरा दिवस, बापानं दाखवलेल्या त्या मेपलच्या झाडावर बसायचं.

मी कांदे चिरायला घेतले. पहिल्या दिवशी आमच्याकडे काळीज आणि कांदा परततात, शिकार मिळाली तर. चिरता चिरता ऐकलं, धाड्. धाड्. धाड्. एकसारख्या अंतरानं.

तीन गोळ्या म्हणजे 'धावा, अडकलोय'. रानात जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पण पहिल्या दिवशी सगळं रानच तडतडत असतं, तिथे मोजतंय कोण? शिवाय दुपारपर्यंत दुसऱ्याच्या मचाणाकडे फिरकायचं नाही, हरणं उधळतात. हिल्माबाई एकदा नवऱ्याला कॉफी द्यायला गेली होती. बिचारी वारली, तरी लोक तिला अजून 'कॉफीवाली'च म्हणतात. मी स्वतःला समजावलं, दुसरा कुणीतरी असेल. पण आवाज मेपलच्या बाजूचा होता. आणि माझा नवरा एकच गोळी झाडतो. जमलं तर जमलं, नाहीतर हरणाला जाऊ देतो.

पुन्हा तीन झाल्या.

सुरी तिथेच टाकली. लांबून माणूस ओळखू यावा म्हणून नारिंगी कोट चढवला, नारिंगी टोपी घातली आणि निघाले. तरी भीती वाटतच होती हो. झाडाझाडावर माणूस, प्रत्येकाच्या हातात भरलेली बंदूक, आणि खाली पाचोळा वाजवत चाललेली मी! गप्प राहिले तर हरीण समजून कुणी उडवेल म्हणून, आणि मला राहवेना म्हणूनही, मी ओरडतच सुटले. "एन्सिओ! ए एन्सिओ!"

"वहिनी! डोकं फिरलंय का तुमचं?" वरून रेइनो खेकसला. त्याचं मचाण वाटेतच होतं. "सगळं रान उठवलंत!"

"भाऊजी, खाली उतरा. तुमचा दादा तीन-तीन गोळ्या झाडतोय."

"मग मोठं जनावर असेल. म्हाताऱ्याचा नेम चुकायला लागलाय."

"अहो, पट्टा घरी आहे! खुंटीवर आहे पट्टा!"

 मग त्याची बंदूक दोरीनं खाली आली आणि पाठोपाठ तो.  खाली येताच तो पळतच सुटला.

मेपलखाली एन्सिओ उताणा पडला होता. वर मचाण एका बाजूला लोंबत होतं. वर्षानुवर्षं झाडावरच राहिलेली त्याची बांधणी तुटली होती. बंदूक वर ओढून घ्यायची राहिली होती, म्हणून ती खाली दोरीला होती, त्याच्या हाताशी आली आणि गोळ्या तरी झाडता आल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"आयली, बंदूक रिकामी केलीय," तो म्हणाला. "घाबरू नकोस."

"कुठे लागलंय? बोल ना रे!"

"लागलं असं काही वाटतच नाहीये. माझा पाय धर बघू जरा."

मी धरला.

"धरलास का?" त्यानं विचारलं.

मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. मला 'हो' म्हणवेना.

रानात फोन लागत नाही. रेइनो रस्त्यापर्यंत धावत गेला आणि रुग्णवाहिकेची माणसं घेऊन आला. त्यांनी एन्सिओला फळीवर पट्ट्यांनी आवळून बांधलं. गाडी आत शिरेना, म्हणून फळी हरणं ओढून न्यायच्या घसरगाडीवर ठेवली. आम्ही निघालो तेव्हा वाटेवरची माणसं एकेक करून आपापल्या झाडावरून उतरत होती. दुपार व्हायला अवकाश होता, तरी. टोप्या काढून वाटेच्या कडेला उभी राहिली. 

यंदा मोसमाच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, रेइनो आला. बस म्हटलं तरी बसेना. वर्षभर तो या घरात धड बसलाच नव्हता.

"वहिनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तो पट्टा... तुम्हाला लागणार नसेल तर..."

मी शेडमधून आणून दिला. त्याला काही तो घालता येईना, मांडीचा बंद खांद्यात अडकला. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेला एन्सिओ इतका वेळ बघत होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "हात वर कर."

एवढा थोराड बाप्या, पण अंगरखा घालून घेणाऱ्या पोरासारखा हात वर करून उभा राहिला. एन्सिओनं दुकानाची चिठ्ठी दातांनी तोडली. मग एकेक बंद ओढून बघायला लागला.

"दादा, घट्ट होतंय रे."

"होऊ दे," एन्सिओ म्हणाला, आणि आणखी एकदा ओढला.