विरोधाची खुर्ची

कुकरच्या शिट्टीत सुई घालून ताई अडकलेला कण काढत होती, तेवढ्यात दारात बूट पुसल्याचा आवाज आला. पायपुसण्यावर इतका वेळ बूट घासणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. लहानपणीही काही मागायचं असलं की तो असाच उंबऱ्याशी घुटमळायचा.

"ये बंड्या," ती मान वर न करता म्हणाली.

पक्षाचे अध्यक्ष आत आले. तिचा धाकटा भाऊ कित्येक वर्षांत या घराची पायरी चढला नव्हता. टीव्हीवर मात्र नेहमी दिसायचा. ती आवाज बंद करून त्याला बघायची आणि हा जेवतो का वेळेवर, एवढाच अंदाज घ्यायची. आज तो खुर्चीच्या टोकावर बसला. पडदे नवे का, गुडघा कसा आहे, गल्लीत पाणी येतं का, सगळं विचारून झालं.

"ताकाला आलायस ना?" ताई म्हणाली. "मग भांडं लपवू नकोस."

तो हसला. "रविवारी सभा आहे. विलीनीकरणाचा ठराव. तू खुर्चीवर बसावंस, असं वाटतं."

"अडला हरी, आणि गाढव मी."

"तसं नाही गं. विरोधात तुझ्यासारखं कोणाला बोलताच येत नाही."

पक्षाचा जन्म सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत झाला होता. ताई तिथे वॉर्डाची सिस्टर होती आणि बंड्या ॲम्ब्युलन्स चालवायचा. इस्पितळाचा अधीक्षक वरून नेमून येतो तो का, तो आपण निवडू, एवढीच तेव्हा मागणी होती. संपाला सगळ्यांनी हात वर केले. एकटा लाँड्रीतला म्हातारा मोडक्या हाताच्या लोखंडी खुर्चीत बसून राहिला. "संप करा," तो म्हणाला, "पण पेशंटच्या चादरी कोण बदलणार?" त्याच्यावर सगळे खेकसले, आणि मग त्याचंच ऐकलं. संपात एक चादर मळकी राहिली नाही, म्हणून गाव संपकऱ्यांच्या मागे उभं राहिलं. संप जिंकला.

त्या दिवशी बंड्याने नियम केला. विरोध झाल्याशिवाय कुठलाही ठराव पुरा धरायचा नाही. ज्याला विरोध करायचा त्याने त्या खुर्चीत बसायचं, आणि तो उठेपर्यंत कोणी उठायचं नाही. पुढे पक्षाच्या घटनेतही हे कलम गेलं. लोकांना त्या खुर्चीचं वेड लागलं. शहराशहरांत सभा व्हायच्या आणि बसणाऱ्यांची रांग लागायची. अधीक्षकापासून राज्यपालापर्यंत सगळे लोकांनी निवडावेत, नको झाले तर लोकांनीच घरी पाठवावेत, असं म्हणत हा पक्ष विधानसभेत पोचला. सगळी पदं वरून वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना पक्षात 'नेमणूकवाले' म्हणत. रविवारी विलीन व्हायचं होतं ते त्याच नेमणूकवाल्यांत.

खुर्ची कुरकुरायला लागली ती बंड्या दुसऱ्यांदा अध्यक्ष झाला तेव्हा. एका माणसाने एकदाच, हाही त्याचाच नियम. ताई खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत त्याला तो नियम वाचून दाखवला. तरी त्याच्या निवडीचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर तिला सभेचं बोलावणं येईनासं झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला? मग विरोध ही पाळी झाली. ज्याची पाळी असेल त्याने बसायचं, 'मुद्दा विचारात घ्यावा' म्हणायचं आणि उठायचं.

"खरंच बोलू?" ताईने विचारलं.

"खरंच बोल. मनातलं." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तू बोललीस तर कदाचित लोक ऐकतील."

तो गेल्यावर तिने कुकर लावला, पण पाणी घालायलाच विसरली. 'कदाचित लोक ऐकतील' म्हणजे याला स्वतःलाच अडवून हवंय का? तिला वाटलं, हवंय. त्याचं पहिलं भाषण ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर झालं होतं. टाळ्या थांबेनात, आणि हा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला होता. "कसा बोललो गं?" शेवटची दोन वाक्यं फुकट घालवलीस, मध्ये पाणी पीत जा, घसा खरवडतो, असं काहीबाही ती म्हणाली होती. पुढे प्रत्येक भाषणानंतर तो विचारायचा आणि ती चूक काढायची. तिने त्याला छान असं कधीच म्हटलं नाही. चूक ऐकल्याशिवाय त्यालाही जेवण जात नसे.

रविवारपर्यंत ती भांडी घासताना बोलली, दळण आणताना बोलली. शेजारीण म्हणाली, "सिस्टर, कोणाशी भांडताय?"

"भावाशी," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

सभागृहाबाहेर गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यावर नेमणूकवाल्यांचे झेंडे आधीच बांधले होते. ताईने ते पाहिलं आणि तरीही आत गेली. व्यासपीठाजवळ ती खुर्ची होती. तिला रंग दिला होता, गादी शिवली होती आणि मोडका हात जोडून घेतला होता. चिटणीस वाकून कानाशी म्हणाला, "ताई, दोनच मिनिटं हं. पलीकडच्या पक्षाचे साहेब थांबलेत. तेवढं कलमापुरतं झालं, की कोर्टात कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही."

ती बसली. समोर ओळखीचे चेहरे होते. एके काळी या खुर्चीसाठी एकमेकांना कोपर मारणारे हेच लोक. आता ते घड्याळाकडे बघत होते. बंड्याही बघत होता.

तिला संताप आला. आठवडाभर भांड्यांशी बोलल्याची लाज वाटली. इथे तोंडाची वाफ दवडायची नाही, एवढं तिचं ठरलं.

"माझा विरोध नाही," ती म्हणाली, आणि उठून मागच्या रांगेत जाऊन बसली.

चिटणिसाचा चेहरा उतरला. विरोध नाही, म्हणजे ठराव नाही. "कोणीतरी बसा हो," तो म्हणाला. "दोन वाक्यं बोला फक्त."

"मी मागच्या वेळी बसलो होतो."

"माझं तिकडे नुकतंच कुठे जमतंय. उगाच कोणाच्या डोळ्यावर यायचं?"

"कॅमेरे आहेत बाहेर."

कोणी बसेना. खोटा विरोध करायचीही कोणाची छाती नव्हती. शेवटी अध्यक्ष स्वतः उठले, कोट सावरत खाली आले आणि खुर्चीत बसले. कोणीतरी हसलं.

"माझा या ठरावाला विरोध आहे," बंड्या म्हणाला, आणि थांबला. जोडलेल्या हातावर टेकवलेलं कोपर त्याने काढून घेतलं, जुन्या सवयीने. "लाँड्रीतल्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, चादरी कोण बदलणार? आज मी विचारतो. उद्या ज्याला सगळ्या दारांतून हाकलतील, तो कुठे जाईल? आपल्याकडे यायचा. आपलं छप्पर गळकं होतं, पण दार उघडं होतं. ज्यांनी आपल्याला जन्मात काही विचारलं नाही, त्यांच्या घरात जाऊन आपण काय विचारणार? बसू का, एवढंच!"

आता कोणी हसत नव्हतं. तो बोलत राहिला. ताईने घोकलेला एकेक मुद्दा तिच्यापेक्षा सरस मांडत राहिला. एका म्हाताऱ्या कंपाउंडरने डोळे पुसले. ताईने पर्स घट्ट धरली. उठू नकोस, ती मनात म्हणत होती. बंड्या, आता उठू नकोस रे. तू उठेपर्यंत कोणाला उठता येत नाही.

तो उठला. घोटभर पाणी प्यायला, व्यासपीठावर आपल्या जागी गेला आणि म्हणाला, "ठरावाच्या बाजूने?"

पहिला हात त्याचाच होता. मग सगळे वर झाले, कंपाउंडरचासुद्धा. विरोधात कोण, हे विचारायची गरजच नव्हती. विरोध होऊन गेला होता.

बाहेर हारतुरे, फोटो, दारं उघडून थांबलेल्या गाड्या. गर्दीतून वाट काढत तो ताईपाशी आला. डोळे चमकत होते, ॲम्ब्युलन्सच्या पायरीवरून उतरला होता तेव्हासारखे.

"कसा बोललो गं?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याची कॉलर एका बाजूला दुमडली होती. तिने ती नीट केली.

"छान," ती म्हणाली. "छान बोललास."

त्याने कॉलर चाचपली. मग मोठ्याने हसला आणि गाडीकडे वळत ओरडला, "ऐकलंत का? आज ताईसुद्धा छान म्हणाली!"

चिटणिसाने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं होतं.