जुनं संपल्यावर

दैवशाला कोठीत कंबरेपर्यंत वाकली होती. पाय स्टुलावर, डोकं आत. झिजलेल्या कुंच्याने ती तळाची ज्वारी कडेला ओढत होती. आत पत्र्याचा आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास भरला होता. अजून सूपभर ज्वारी निघत होती. नवी रास दारात येऊन पडली तरी जुनी उरलीच, हे तिला दरसाल आवडायचं. त्यात कुणाला सांगावं असं काही नव्हतं, पण तेवढा वेळ तिचा हात हलका चालायचा.

बाहेरून सासूचा आवाज आला. कोठीत तो विहिरीत बोलल्यासारखा घुमला.

“मोनिका, औंदा लाभ तू घाल.”

कुंचा थांबला.

“मी? मला कुठं येतंय आत्या त्यातलं? ताईच घालतेत की दरसाली.”

“त्यात काय यायचंय? शेर भरायचा अन् वतायचा. घाल तू.”

पहिल्या मापाला या घरात एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या सुगीपासून ते माप दैवशालाच्या हातचं होतं. ‘मोठीच्या हाताला बरकत हाय’ असं उषाबाई एकदा पाव्हण्यांच्या देखत म्हणाल्या होत्या. ते वाक्य दैवशालाने अंगावरच्या मण्यासारखं वागवलं होतं. दुसरं काही तिने मागितलंही नव्हतं.

ती वर आली तेव्हा तिच्या केसांना जळमट लागलं होतं. ओसरीवर बसलेल्या उषाबाईंनी तिच्याकडे न बघता विचारलं,

“निघाली का जुनी?”

“निघाली. हाय सूपभर.”

“बराबर,” उषाबाई म्हणाल्या आणि पुन्हा धाकटीकडे वळल्या.

धाकटी आदल्या दिवशीच जालन्याहून आली होती. तिचा नवरा रामेश्वर तिकडे कामाला, त्यामुळे तिचं बिऱ्हाड तिकडेच. वर्षाची ज्वारी न्यायला दोघं यायची. आल्याबरोबर मोनिका स्वयंपाकघरात शिरली, फोडणीला पळीभरून तेल ओतलं, आणि उषाबाईंनी वांग्याची भाजी बोटं चाटून खाल्ली. दैवशाला तेलाच्या बुधलीला अंगठा लावून धार धरायची. त्या बुधलीकडे बघून मोनिका म्हणाली होती, “ताई, तुमी तर उपासबी काटकसरीत बसवलेत. शनवार, गुरवार, एकादशी. देवबी खूश, डबाबी खूश.” सगळे हसले होते. सगळ्यात जास्त सासू.

कोठीला कुंकू लावून, पुढ्यात दिवा ठेवून दैवशालाने शेर पदराने पुसला आणि जावेच्या हातात दिला. दैवशालाचा नवरा रामकिसन आणि रामेश्वर यांनी पोत्याची शिवण उसवली.

“चला, जल्दी करा,” रामकिसन म्हणाला. “लाईट आली की मला मोटर चालू करायला जायचंय.”

मोनिकाने शेर शिगोशीग भरला, दोन्ही हातांनी उचलून कोठीत ओतला आणि शाळेत हजेरी दिल्यासारखी म्हणाली,

“एक!”

दाणे पत्र्यावर वाजून थांबले.

“एक न्हाई, येडे,” रामेश्वर दबक्या आवाजात म्हणाला. “लाभ.”

मोनिकाने जीभ चावली. दैवशालाच्या छातीत मात्र काहीतरी गार गार पसरत गेलं. ती खाली वाकली आणि नीट जळणारी वात उगाच पुढे सारत राहिली. आता ओतलेलं परत काढायला सांगतील. शेर धुवायला सांगतील. मग हाक मारतील. तिने उजवा हात लुगड्याला पुसूनसुद्धा ठेवला.

उषाबाई हसल्या.

“राहू दे. एक म्हनल्यानं काय ज्वारी माघारी जाती का? दोन भर.”

दैवशालाने दिव्यावरचा हात काढून घेतला. पहिल्या वर्षी शेर ओतताना तिच्या हातून चार दाणे खाली सांडले होते, तर याच बाईने दिवस मावळेपर्यंत तिच्याशी अबोला धरला होता.

दुपारी ती अंगणात उन्हाला जुनी ज्वारी पाखडत बसली. पाखडताना सोंडे, ज्वारीतले बारके किडे, सुपाच्या कडेने पळत होते. शनिवार होता, पोटात सकाळच्या भगरीशिवाय काही नव्हतं. मोनिका स्टीलचा डबा घेऊन तिच्या अंगावरून कोठीकडे गेली. खालचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“काय घेऊन राह्यलीस गं?”

“नवी ज्वारी. दळून आनते.”

“पीठ हाय डब्यात. अन् ही जुनी हाय. ही संपल्यावर मंग नवी.”

मोनिका दारात घुटमळली. डबा तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“आत्यांना पाह्यजे. त्या म्हनल्या…”

“काय म्हनल्या?”

“म्हनल्या, दैवशालाला इचारू नको. गुपचूप दळून आन.”

एवढं बोलून ती गिरणीकडे गेली. दैवशालाने सूप खाली ठेवलं. सुपातले सोंडे बाहेर पडून ज्वारीच्या ढिगाकडे परत निघाले, तरी तिने ते झटकले नाहीत.

उषाबाई गोठ्याच्या सावलीत बाजेवर पडल्या होत्या. दैवशाला बाजेच्या खुराशी उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तो चढलाही नाही.

“आत्या, मह्यापासून चोरून दळन?”

उषाबाईंनी डोळे उघडले नाहीत. “सांगितलं व्हय तिनं? पोटात राहत न्हाई काई.”

“मला म्हनायचं होतं. मी न्हाई म्हनले असते का?”

“म्हनली असतीस.”

गोठ्यात म्हशीने शेपटी आपटली.

“अन् बराबर म्हनली असतीस,” उषाबाई म्हणाल्या. त्या बाजेला हात देत उठून बसल्या. “दरसाली नवी येती, आपन जुनी खातो. नवीला किडा लागला की मंग ती खातो. देवाम्होरं मूठभर नवी ठेवतेस. देवाला नवी, मला जुनी. महे पडलेत आता दात. औंदा म्हनलं, एकडाव नव्या ज्वारीची भाकर खावी. तोंडाला चव हाय तवर.”

“पन जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा न्हाई, हे तुमीच शिकवलंत.”

“मीच शिकवलं. मह्या सासूनं मला, मी तुला.” उषाबाई तिच्याकडे बघत होत्या, पण नजर पोहोचत नव्हती. “म्हनूनच तुला म्हनता येईना. तुला म्हनायला गेले की महंच तोंड दिसतं मला. म्हनलं, ती धाकटी काई जानत न्हाई, तिच्या हातानं होऊन जाऊ दे. कोठीत घालायचंबी अन् काढायचंबी.”

ऐकून बरं वाटायला हवं होतं. दैवशालाला वाटलं नाही. सासूला हवी होती ती एक भाकरी, आणि ती मागायला माणूस लागलं ते जालन्याचं. सूपभर ज्वारी उरवणाऱ्या या हातांपाशी ती मागता आली नाही. ती परत उन्हात येऊन बसली आणि पाखडलेलीच ज्वारी पुन्हा पाखडू लागली.

तिन्हीसांजेला तुळशीला दिवा लावून ती आत आली, तेव्हा मोनिका चुलीपाशी बसलेली होती. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. पांढरी, काठासकट. उषाबाई भिंतीला टेकून कौतुकाने बघत होत्या.

“बघ दैवशाला, कशी फुगली! शहरात राहून हात मोडला न्हाई पोरीचा.”

दैवशालाने पदर खोचला.

“सरक,” ती जावेला म्हणाली. “मी करते.”

“अवो ताई, तुमी उपाशी. बसा ना, मी वाढते.”

“सरक म्हनलं ना.”

मोनिका सरकली. दैवशालाने परातीत नवं पीठ घेतलं, मध्ये आळं केलं, चुलीच्या कडेचं उकळतं पाणी त्यात ओतलं आणि उलथण्याने कालवलं. तिचे हात बघत बसावेत असे चालत होते. गोळा मळला, पिठावर ठेवला आणि थापायला घेतला. भाकरी पसरेना. ती परातीला धरून बसली. जोर लावला तर बोटांना चिकटून वर आली. कडेने सोडवायला गेली तर मधोमध फाटली. दैवशालाने ती मोडून पुन्हा गोळा केला, पीठ जास्त घेतलं, पुन्हा थापली. तव्यावर टाकताना अर्धी तिच्या तळहातालाच राहिली. तवा करपल्याचा वास सुटला.

असं तिचं कधी झालं नव्हतं. सोसायटीच्या जेवणावळीला बायका तिला भाकरीसाठी बोलावून न्यायच्या.

“ताई,” मोनिका हळू म्हणाली, “गार पान्यात मळा ना. नवं पीठ हाय, आपोआप धरतं. उकळतं पानी कशाला?”

दैवशालाने तिच्याकडे पाहिलं. मग परातीकडे. जुन्या ज्वारीच्या पिठाला विरी नसते, उकळत्या पाण्याशिवाय ते धरत नाही. त्या विरी गेलेल्या पिठाची पातळ, गोल भाकरी तिने किती वर्षं उतरवली होती. नुसत्या गार पाण्याने भाकरी होते, हे तिच्या हातांना माहीत नव्हतं.

मनगटापर्यंत चिकटा झाला होता. तिने हात तसेच मांडीवर धरले. चुलीचा जाळ एकदम तोंडावर आला म्हणून तिने मान फिरवली.

“तू थाप,” ती म्हणाली. “मी बघते.”

मोनिकाने परात ओढून घेतली, गार पाण्याचा तांब्या जवळ केला. उषाबाई भिंतीपासून हलल्या आणि गुडघ्यावर हात टेकत चुलीपाशी येऊन बसल्या. धाकटीच्या शेजारी जागा मोकळी होती. त्या मोठीच्या शेजारी बसल्या.

“मह्या हातानं बी तुटली असती,” त्या म्हणाल्या. “मलाबी उकळत्याचंच येतं.”

त्यांनी डब्यातून चिमूटभर कोरडं पीठ घेतलं, दैवशालाचा हात आपल्या हातात ओढला आणि एकेक बोट चोळायला सुरुवात केली. वाळत आलेल्या पिठाच्या शेवया सुटून पडत होत्या. एकही वाया जाऊ नये म्हणून उषाबाईंनी खाली दुसऱ्या हाताचा पसा धरला होता. दैवशालाने न सांगता दुसरा हात पुढे केला.