पोटातली पट्टी

मी एक हवाईयन गिटार बोलतेय. इतर गिटारी वादकाच्या छातीला बिलगतात. मी मात्र मांडीवर ऐसपैस आडवी पडते. तारांवरून पोलादी दांडी सरकली की माझा सूर असा लांबत जातो की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. फुशारकी वाटेल, पण आज ती मला शोभते. आज माझ्या बापाला जगाने ओळखलं!

माझा बाप खुर्च्या बनवायचा. एका वादकाने त्याला नमुना दाखवला, "जमेल का?" म्हणून डिवचलं आणि बाप इरेला पेटला. ज्या दिवशी माझी पाठ चिकटवून मला बंद करायचं होतं, त्याच दिवशी वरच्या फळीला आतून आधार देणारी पट्टी तडकली. तसलं कडक, सुकं लाकूड शिल्लक नव्हतं. बापाने घरात जाऊन काहीतरी आणलं, कापलं, गुपचूप चिकटवलं.

वादकाने माझ्यावर परदेशी कंपनीची चिठ्ठी डकवली. खुर्चीवाल्याची गिटार ऐकायला कोण येणार, असं त्याचं म्हणणं. मी मोठमोठी सभागृहं गाजवली आणि वाहवा कंपनीची झाली. बाप घरी सांगायचा, "ती मी केलीय." सगळे हसायचे. बायको सर्वांत जास्त. "हो तर! आणि पियानो माझ्या आत्याने केला!" नात्यागोत्यात त्याचं नावच 'कंपनी' पडलं. मला फार वाईट वाटायचं.

वादक गेला, मी माळ्यावर गंजत पडले आणि शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या दुकानात आले. आज सकाळी काचेबाहेर एक म्हातारा थबकला. त्याचे हात मी लगेच ओळखले. बायकोला ओढतच तो आत शिरला.

"ही माझी आहे. मी केलीय."

"झालं सुरू," बायको पुटपुटली.

दुकानवाल्या बाई हसल्या नाहीत. "काका, चिठ्ठी कंपनीची आहे खरी. पण मान अशी खुर्चीच्या पायासारखी खाचेत बसवलेली मी कधी पाहिली नाही. तुम्हीच केली असेल, तर एखादी खूण सांगा."

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. खूण होती, पण बायकोसमोर सांगायची कशी? जन्मभर त्याने थट्टा गिळली होती ती याच भीतीने. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आत वरच्या फळीला... कापड मोजायची लाकडी पट्टी आहे. हिची."

"माझी पट्टी?" शिवणकाम करणारी बायको ताडकन वळली. "अहो, त्या पट्टीपायी मी जाऊबाईंशी अबोला धरलाय! त्यांनीच नेली म्हणून!"

"अगं, मी सांगणारच होतो..."

"गप्प बसा! थापा आहेत की काय ते आत्ता कळेल. बाई, नवाच्या आकड्यावर इस्त्रीचा डाग असायला हवा. माझ्याच हातून पडला होता."

बाईंनी दिवा लावून छोटा आरसा माझ्या पोटात घातला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हूं की चूं केलं नाही.

"आकडे उलटे दिसताहेत... सात, आठ, नऊ... काकू, डाग आहे!"

बायको नवऱ्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही खरंच बोलत होतात हो," ती म्हणाली. बाप लहान मुलासारखा रडला. मग तिने पदर खोचला. "ती चिठ्ठी आधी काढा. यांचं नाव लिहा, ठळक. आणि खाली लिहा, पट्टी बायकोची!"

माझ्या पोटात आता ती नवी चिठ्ठी आहे. तुम्हाला एवढंच सांगते, एखादं जुनं वाद्य हाती आलं तर वरचं नाव वाचून थांबू नका, जरा आत डोकावा.

नव्या तारा चढल्या. बाईंनी मला मांडीवर घेतलं, दांडी सरकवली आणि मी अशी गायले की रस्त्यावरची माणसं दारात जमली. बापाची मान ताठ होती. बायकोने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला.

"जाऊबाई, मी बोलतेय. फोन ठेवू नका. पट्टी सापडली. ऐका, कशी वाजतेय ती!"